रॅम-डिस्क

रॅम-डिस्क : संगणकाच्या प्रमुख स्मृतीचा काही भाग बाजूला काढून ती जणू एक स्वतंत्र तबकडी आहे असे आज्ञावलींना भासविण्याच्या योजनेस रॅम-डिस्क असे म्हणतात. रॅम म्हणजे यादृच्छिक प्रवेश स्मृती. हिच्या कोणत्याही घरापर्यंत पोहोचण्यास सारखाच वेळ लागतो. रॅम-डिस्कमध्ये फिरणारी तबकडी, वाचन-लेखन करणारे शीर्ष वा चलित्र यांपैकी काहीही नसते. अर्धसंवाहक स्मृती आणि तिच्या दाराशी बसविलेली एक लहानशी आज्ञावली एवढीच तिची सामग्री होय. ही आज्ञावली तबकडीच्या भाषेत विचारलेल्या प्रश्नांना स्मृतीतून उत्तरे देते. फाइल उघडणे, वाचणे, लिहिणे, पुसणे ही कामे वापरणाऱ्याच्या दृष्टीने पूर्वीप्रमाणेच चालतात. मात्र ती अनेक पटींनी लवकर होतात. वीज खंडित झाली, की तीमधील सर्व मजकूर नाहीसा होतो. वेगाच्या मोबदल्यात टिकाऊपणा सोडून देण्याचा हा सौदा संगणकाच्या इतिहासात निरनिराळ्या रूपांत पुनःपुन्हा झालेला आढळतो. रॅम-डिस्क हे त्याचे सर्वांत उघड रूप आहे.

पूर्वपीठिका : संगणकाच्या स्मृतीबाबत आरंभापासून एक अडचण कायम राहिली आहे. जलद स्मृती महाग व म्हणून लहान असते. स्वस्त व मोठी स्मृती मंद असते. मँचेस्टर विद्यापीठातील १९४८ च्या प्रायोगिक संगणकात ऋण-किरण नलिकेच्या पडद्यावरील विद्युत् भारांचे ठिपके हीच स्मृती होती, तर केंब्रिज येथे मॉरिस विल्क्स यांच्या मार्गदर्शनाखाली १९४९ मध्ये कार्यान्वित झालेल्या एडसॅक या संगणकात पाऱ्याने भरलेल्या नळ्यांतून फिरणारी ध्वनिस्पंदने स्मृतीचे काम करीत. मोठ्या साठ्यासाठी चुंबकीय लेप दिलेला फिरता दंडगोल, म्हणजे ड्रम, वापरात आला. जे फॉरेस्टर व त्यांचे सहकारी यांनी मॅसॅचूसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेत विकसित केलेली फेराइट कड्यांची स्मृती १९५३ मध्ये व्हर्लविंड या संगणकात बसविण्यात आली आणि पुढील सु. वीस वर्षे तीच प्रमाणभूत ठरली. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत तयार झालेल्या व १९६० मध्ये कार्यान्वित झालेल्या टिफरॅक या संगणकातही २,०४८ शब्दांची फेराइट स्मृतीच होती. या कड्यांचा एक गुण पुढे विस्मृतीत गेला, तो येथे सांगितला पाहिजे : वीज बंद झाली तरी कड्यांतील चुंबकत्व व त्याबरोबर मजकूर टिकून राहत असे.

आयबीएम कंपनीने १९५६ मध्ये रामॅक या संगणकाबरोबर पहिली व्यापारी चुंबकीय तबकडी बाजारात आणली. एका आसावर बसविलेल्या सु. ६१ सेंमी. व्यासाच्या ५० तबकड्यांवर ५० लक्ष अक्षरे मावत. हवे ते अक्षर गाठण्यास सरासरी सु. ०·६ सेकंद लागे. फितीवर मजकूर शोधण्यासाठी ती आरंभापासून उलगडत न्यावी लागे, त्या मानाने हा वेग विलक्षणच होता. परंतु फेराइट स्मृतीतील शब्द काही मायक्रोसेकंदांत हाती येत असल्याने दोहोंमधील अंतर लाख पटींच्या घरात होते. पुढील दशकांत दोन्ही प्रकार सुधारले, पण तबकडीचा वेग यांत्रिक हालचालींनी जखडलेला राहिला. मिनिटाला ३,६०० फेरे घेणाऱ्या तबकडीस अर्धा फेरा पूर्ण करण्यास ८·३ मिलिसेकंद लागतात. फेरे दुप्पट, म्हणजे ७,२०० केले, तरी ही प्रतीक्षा ४·२ मिलिसेकंदांपेक्षा कमी होत नाही. इलेक्ट्रॉनीय मंडलांस असा लोखंडी बंध नव्हता.

हे अंतर बुजविण्याचा पहिला मोठा प्रयत्न रॅम-डिस्कच्या अगदी उलट दिशेने झाला. मँचेस्टर येथे टॉम किलबर्न व त्यांचे सहकारी यांनी १९६२ मध्ये पूर्ण केलेल्या ॲटलस या संगणकात १६ हजार शब्दांची फेराइट स्मृती आणि ९६ हजार शब्दांचे ड्रम होते. यंत्रणा अशी होती, की आज्ञावली लिहिणाऱ्यास या दोहोंची मिळून एकच सलग स्मृती दिसे. ५१२ शब्दांची पाने आवश्यकतेनुसार ड्रमवरून आत व आतून ड्रमवर आपोआप हलविली जात. आभासी स्मृती या नावाने आज सर्वत्र परिचित असलेली कल्पना ती हीच. ॲटलसमध्ये ड्रमने स्मृतीचे सोंग घेतले होते. रॅम-डिस्कमध्ये स्मृती तबकडीचे सोंग घेते. ही दोन सोंगे पुढे एकाच यंत्रात एकत्र आली.

विल्क्स यांनी १९६५ मध्ये प्रमुख स्मृतीपुढे आणखी एक लहान व अधिक जलद स्मृती ठेवण्याची कल्पना मांडली. १९६८ मध्ये जाहीर झालेल्या आयबीएमच्या सिस्टिम/३६० मालिकेतील ८५ क्रमांकाच्या संगणकात ती व्यवहारात आली व कॅश या नावाने रूढ झाली. पीटर डेनिंग यांनी त्याच वर्षी कार्यसंचाची, म्हणजे आज्ञावलीला एका कालखंडात प्रत्यक्ष लागणाऱ्या पानांच्या संचाची, संकल्पना मांडली. आज्ञावली आपल्या सर्व मजकुरास सारख्याच वेळा हात लावीत नाही. थोड्या काळात ती थोड्या जागेतच वावरते. या निरीक्षणामुळे लहान जलद स्मृतीने मोठ्या मंद साठ्याची उणीव कशी व कोठवर भरून निघते, याचा विचार नेमकेपणाने करता येऊ लागला.

मोठ्या संगणकांत तबकडीच्या जागी स्मृती वापरण्याचे प्रयत्नही होत होते. सिस्टिम/३६० बरोबर प्रमुख स्मृतीपेक्षा मंद पण प्रशस्त अशी फेराइट स्मृती स्वतंत्र कपाटात मिळत असे. कंट्रोल डेटा ६६०० या संगणकाची विस्तारित स्मृतीही याच जातीची होती. १९७० च्या दशकाच्या अखेरीस स्टोरेज टेक्नॉलॉजी या कंपनीने आयबीएमच्या संगणकांना सरळ तबकडी म्हणूनच जोडता येईल असे अर्धसंवाहक साठवण-यंत्र विक्रीस आणले. त्याची क्षमता ४५ दशलक्ष बाइट होती. क्रे एक्स-एमपी या १९८२ मध्ये जाहीर झालेल्या महासंगणकास असे घन-अवस्था साठवण-यंत्र जोडण्याची सोय होती. स्मृतीत न मावणाऱ्या प्रचंड सारण्यांचे मधले टप्पे त्यावर ठेवले जात. ही साधने अर्थात मोजक्याच संस्थांना परवडत. रॅम-डिस्क सर्वसामान्यांच्या हाती आली ती सूक्ष्मसंगणकामुळे.

सूक्ष्मसंगणकांतील रॅम-डिस्क : रॉबर्ट डेनर्ड यांना १९६८ मध्ये एकस्व मिळालेल्या रचनेत एक बिट साठविण्यास एक ट्रँझिस्टर व एक धारित्र पुरे होत असे. धारित्रातील विद्युत् भार हळूहळू झिरपत असल्याने तो दर काही मिलिसेकंदांनी पुन्हा भरावा लागतो. म्हणून या स्मृतीस गतिक रॅम हे नाव मिळाले. इंटेलची १,०२४ बिटांची ११०३ ही चकती १९७० मध्ये बाजारात आली, तिने थोड्याच वर्षांत फेराइट कड्यांना हुसकावून लावले आणि स्मृतीची किंमत वेगाने खाली येऊ लागली. त्याबरोबरच वीज गेल्यावर मजकूर टिकण्याचा कड्यांचा गुणही संपुष्टात आला.

त्या काळच्या सूक्ष्मसंगणकांचे प्रक्रियक ८०८० अथवा झेड-८० या जातीचे होते. त्यांना सोळाच पत्ता-वाहिन्या असल्यामुळे ६४ किलोबाइटपलीकडील स्मृती थेट दिसत नसे. जादा स्मृती बसविलीच, तर ती गटागटाने समोर आणावी लागे व सामान्य आज्ञावलींना तिचा उपयोग करता येत नसे. उलट तबकडीवरील मजकूर वापरणे प्रत्येक आज्ञावलीला ठाऊक होते. ब्रिटनमध्ये जेरी कार्लिन यांनी १९७९-८० मध्ये या दोन गोष्टींची सांगड घातली. आज्ञावलीला न दिसणारी जादा स्मृती त्यांनी तबकडी म्हणून पुढे केली. सिलिकॉन डिस्क सिस्टिम या नावाने १९८० मध्ये विक्रीस आलेले हे उत्पादन सूक्ष्मसंगणकांसाठीची पहिली रॅम-डिस्क आज्ञावली मानले जाते.

हे सुलभ झाले ते सीपी/एम या परिचालन प्रणालीच्या रचनेमुळे. गॅरी किल्डॉल यांनी १९७४ मध्ये तयार केलेल्या या प्रणालीत यंत्राशी प्रत्यक्ष संबंध येणारा भाग वेगळा काढलेला होता व त्यास बायोस म्हणत. वरचा भाग फक्त 'अमुक तबकडी, अमुक मार्ग, अमुक खंड; तेथील १२८ बाइट द्या' एवढेच सांगे. बायोसने ते बाइट कोठून आणले याची चौकशी करण्याचे त्यास कारण नव्हते. मार्ग व खंड यांचे क्रमांक घेऊन स्मृतीतील पत्ता काढणे आणि तेथून १२८ बाइट उचलून देणे हे मोजक्या सूचनांचे काम होते. खरी तबकडी नसताना मार्ग आणि खंड मोजणे हास्यास्पद वाटेल. परंतु या जुन्या भाषेचा मान राखल्यामुळेच वर्डस्टारसारख्या प्रचलित आज्ञावली एका अक्षराचाही फेरफार न करता रॅम-डिस्कवर चालू शकल्या. वर्डस्टारचे उदाहरण बोधक आहे. स्मृती अपुरी असल्यामुळे ही लेखन-आज्ञावली आपले काही भाग तबकडीवरच ठेवी व लागतील तेव्हा आत आणी. त्यामुळे साधी यादी पडद्यावर येण्यासही तबकडी फिरू लागण्याची वाट पाहावी लागे. तेच भाग रॅम-डिस्कवर ठेवले, की हा विलंब जवळजवळ नाहीसा होई.

आयबीएमचा वैयक्तिक संगणक १९८१ मध्ये १६० किलोबाइटच्या फ्लॉपी तबकडीसह आला. दहा मेगाबाइटची हार्ड डिस्क असलेले एक्सटी हे प्रतिमान १९८३ मध्ये निघाले, पण ते अनेकांच्या आवाक्याबाहेर होते. १९८३ च्याच डॉस २.० या आवृत्तीत बाहेरून नवीन साधन-चालक जोडण्याची सोय झाली व रॅम-डिस्क करून देणाऱ्या आज्ञावलींना मोकळे रान मिळाले. आयबीएमने ऑगस्ट १९८४ मध्ये पीसी-डॉस ३.० बरोबर व्हीडिस्क ही आज्ञावली दिली. मायक्रोसॉफ्टच्या एमएस-डॉस ३.२ मध्ये १९८६ पासून रॅमड्राइव्ह आली. या चालकाला संगणक सुरू होताच स्मृतीच्या ठरविलेल्या भागात आरंभीचा खंड, फाइलवाटपाची सारणी व सूची हे सर्व एखाद्या कोऱ्या तबकडीवर असावे तसे लिहून ठेवावे लागे. मग डॉस तिला पुढचे मोकळे अक्षर देई. कमोडोर कंपनीच्या अमिगा संगणकात १९८५ च्या १.१ या आवृत्तीपासून रॅम-डिस्क परिचालन प्रणालीतच अंतर्भूत होती. ती फाइलींच्या आकाराप्रमाणे फुगे व आकसे, ही तिची खासियत. डॉसमधील रॅम-डिस्कला ठराविक आकार आधीच तोडून द्यावा लागे, आणि ६४० किलोबाइटच्या मर्यादेत तसे करणे म्हणजे आज्ञावलीच्या तोंडचा घास काढून घेण्यासारखेच होते. लोटस, इंटेल व मायक्रोसॉफ्ट यांनी १९८५ मध्ये प्रसृत केलेल्या प्रमाणानुसार जादा स्मृती वापरता येऊ लागल्यावर ही ओढाताण कमी झाली.

वेगवाढीचे गणित : रॅम-डिस्कने नेमका कोणता वेळ वाचतो, याविषयी त्या काळी बराच गोंधळ असे. आयबीएमच्या पहिल्या वैयक्तिक संगणकातील फ्लॉपी मिनिटाला ३०० फेरे घेई. म्हणजे हवा तो खंड शीर्षाखाली येण्यास सरासरी १०० मिलिसेकंद लागत. तेवढ्या वेळात ४·७७ मेगाहर्ट्‌झच्या प्रक्रियकाचे सु. ४ लाख ७७ हजार ठोके पडत आणि ते बव्हंशी वाया जात. शीर्ष एका मार्गावरून दुसऱ्यावर नेण्याचा व थांबलेले चलित्र पुन्हा सुरू होण्याचा वेळ निराळाच. मजकूर एकदा येऊ लागला, की तो सेकंदाला सु. ३१ हजार बाइट या गतीने येई. स्मृतीतून स्मृतीत नक्कल करण्याची त्याच प्रक्रियकाची गती सेकंदाला तीन लाखांहून अधिक बाइट होती. म्हणजे निव्वळ वहनाच्या वेगातील लाभ सु. दहापट इतकाच होता. मोठा लाभ प्रतीक्षा टळण्यात होता. म्हणूनच एक मोठी फाइल सलग वाचणाऱ्या आज्ञावलीपेक्षा अनेक लहान फाइली इतस्ततः चाळणाऱ्या आज्ञावलीस रॅम-डिस्क अधिक मानवते.

दुसरी मर्यादा जीन ॲमडाल यांनी १९६७ मध्ये समांतर संगणनाच्या संदर्भात मांडलेल्या युक्तिवादातून स्पष्ट होते. समजा, एखादे काम १०० सेकंद चालते व त्यांतील ७० सेकंद तबकडीसाठी खर्च होतात. रॅम-डिस्कने हे ७० सेकंद २ वर आणले, तर काम ३२ सेकंदांत, म्हणजे तिपटीहून अधिक वेगाने होईल. परंतु तबकडीचा वाटा १० सेकंदच असेल, तर तो संपूर्ण नाहीसा झाला तरी ९० सेकंद लागणारच. गणितप्रधान आज्ञावली रॅम-डिस्कवर ठेवून तिचा वेग वाढण्याची वाट पाहणारे त्यामुळे निराश होत.

सर्वाधिक लाभ झाला तो आज्ञावलींचे यंत्रभाषेत भाषांतर करणाऱ्या कंपायलरांच्या बाबतीत. त्या वेळचे अनेक कंपायलर दोन-तीन फेऱ्यांत काम करीत. प्रत्येक फेरीचा कंपायलर-भाग तबकडीवरून आणला जाई, मधला मजकूर तबकडीवर लिहिला जाई व पुढची फेरी तो पुन्हा वाची. शेवटी जोडणी करणारी आज्ञावली ग्रंथालय-फाइली चाळीत बसे. हे सारे रॅम-डिस्कवर हलविले, तर फरक डोळ्यांना दिसण्याजोगा पडे. तथापि बोरलँड कंपनीच्या टर्बो पास्कल या कंपायलरने १९८३ मध्ये वेगळाच मार्ग दाखविला. लेखन, भाषांतर व चाचणी ही तिन्ही कामे एकाच आज्ञावलीत, थेट स्मृतीत आणि एकाच फेरीत होऊ लागली. मधल्या फाइली उरल्याच नाहीत. मंद आज्ञावलीखाली जलद तबकडी सरकविणे आणि तबकडीची गरजच काढून टाकणे यांतील दुसरा उपाय श्रेष्ठ होता, असे प्रस्तुत लेखकास वाटते. मात्र तो आज्ञावलीच्या कर्त्यालाच करता येतो आणि पहिला कोणाही वापरणाऱ्याला करता येतो. रॅम-डिस्कची लोकप्रियता यातच होती.

अस्थायी स्वरूप : रॅम-डिस्क वापरण्याची रूढ पद्धत अशी होती : संगणक सुरू होताच आवश्यक फाइलींची नक्कल रॅम-डिस्कवर करावयाची, दिवसभर तेथे काम करावयाचे आणि शेवटी बदललेल्या फाइली खऱ्या तबकडीवर उतरवून घ्यावयाच्या. ही शेवटची पायरी राहून गेली, आज्ञावली अडकून संगणक नव्याने सुरू करावा लागला अथवा क्षणभर वीज गेली, तर दिवसाचे काम बुडे. भारतासारख्या देशात, जेथे वीजपुरवठ्यातील खंड ही नित्याची बाब होती, तेथे हा धोका अधिकच जाणवे. म्हणून जाणकार मंडळी कंपायलर, शब्दसूची, मधल्या फाइली अशा पुन्हा मिळविता येणाऱ्या गोष्टीच रॅम-डिस्कवर ठेवीत व स्वतः लिहिलेला मजकूर खऱ्या तबकडीवर ठेवीत. अमिगाच्या १.३ या आवृत्तीतील एक रॅम-डिस्क संगणक नव्याने सुरू केला तरी टिकून राही, पण वीज बंद होताच तीही पुसली जाई. स्वतःची विद्युत् घटमाला असलेल्या स्मृती-पट्ट्याही निघाल्या. अशा यंत्रांपैकी गिगाबाइट कंपनीचे २००५ मधील आय-रॅम हे बरेच गाजले. त्यात चार गिगाबाइटपर्यंत स्मृती बसविता येई. तथापि ते तबकडीच्याच तारेने संगणकास जोडलेले असल्याने स्मृतीचा बराचसा वेग त्या तारेत अडकून पडे.

परिणती : रॅम-डिस्कला खरा प्रतिस्पर्धी मिळाला तो परिचालन प्रणालीकडूनच. युनिक्स प्रणालीत १९७० च्या दशकापासून अलीकडे वाचलेले खंड स्मृतीत राखून ठेवण्याची व्यवस्था होती. वैयक्तिक संगणकांवर ते काम स्मार्टड्राइव्हसारख्या आज्ञावली करू लागल्या. रॅम-डिस्कवर काय ठेवावयाचे हे माणसास आधी ठरवावे लागे. येथे प्रत्यक्ष वापरावरून यंत्रच ते ठरवी. वाचनापुरता हा उपाय निर्धोक होता. लेखनही स्मृतीत साठवून मागाहून तबकडीवर उतरविण्याचा मोह मात्र महाग पडला. १९९३ च्या एमएस-डॉस ६.० मध्ये स्मार्टड्राइव्ह असे लेखन मागे ठेवीत असे. काम संपले असे समजून संगणक लगेच बंद करणाऱ्यांच्या फाइली बिघडल्या व तक्रारी आल्या. त्याच वर्षाच्या अखेरच्या ६.२ या आवृत्तीत आज्ञा स्वीकारण्याचे चिन्ह पडद्यावर येण्यापूर्वी साठलेले लेखन तबकडीवर उतरविण्याची व्यवस्था करावी लागली. रॅम-डिस्क वापरणाऱ्यास धोका ठाऊक तरी असे. येथे तो नकळत पत्करला जात होता.

कोणता मजकूर स्मृतीत ठेवणे किफायतशीर आहे, याचा हिशेब जिम ग्रे व फ्रँको पुत्झोलू यांनी १९८७ मध्ये मांडला. त्या वेळच्या किमती धरून त्यांनी दाखविले, की सु. पाच मिनिटांतून एकदा तरी लागणारे पान स्मृतीत ठेवणेच स्वस्त पडते. स्मृती व तबकडी यांच्या किमती बदलल्या तसा हा पाच मिनिटांचा आकडा पुढील काळात पुनःपुन्हा तपासला गेला.

अल्पजीवी फाइलींचा प्रश्न तरीही उरला. काही सेकंदांत पुसल्या जाणाऱ्या फाइलीसाठी तबकडी फिरविणे व्यर्थ होय. १९९० मध्ये या प्रश्नावर दोन निबंध प्रसिद्ध झाले. मार्शल मॅककुसिक, मायकेल कॅरल्स व कीथ बॉस्टिक यांनी बर्कली युनिक्ससाठी आणि पीटर स्नायडर यांनी सन कंपनीच्या प्रणालीसाठी स्मृतीवर आधारित फाइलव्यवस्था वर्णिली. यांत स्मृतीचा भाग कायमचा तोडून दिलेला नसतो. फाइली आभासी स्मृतीत राहतात व स्मृतीची टंचाई झाल्यास त्यांची पाने तबकडीवर ढकलली जातात. म्हणजे तबकडीचे सोंग घेतलेली स्मृती प्रसंगी स्मृतीचे सोंग घेतलेल्या तबकडीवर जाऊन बसते. लिनक्समध्ये २००१ च्या २.४ या आवृत्तीपासून टीएमपीएफएस या नावाने हीच व्यवस्था रूढ झाली. तेथील जुन्या पद्धतीच्या रॅम-डिस्कमधील मजकुराची आणखी एक नक्कल प्रणाली आपल्या वाचनसाठ्यात करी, त्यामुळे स्मृती दुप्पट खर्च होई. नव्या रचनेत वाचनसाठा हीच फाइलव्यवस्था बनल्याने तो दोष गेला.

तोशिबा कंपनीतील फुजिओ मासुओका यांनी १९८४ मध्ये मांडलेल्या फ्लॅश स्मृतीमुळे पुढे फिरत्या तबकडीची सद्दीच संपत आली. फ्लॅशमधील मजकूर विजेशिवाय टिकतो व तेथे यांत्रिक प्रतीक्षा नसते. फ्लॅश-साठ्यातून खंड वाचण्यास साधारणतः दहा ते शंभर मायक्रोसेकंद लागतात. प्रमुख स्मृतीतील शब्द सु. ०·१ मायक्रोसेकंदात मिळतो. अंतर अद्याप शेकडो पटींचे असले, तरी मिलिसेकंदांच्या काळात जाणवे तसे ते सामान्य वापरणाऱ्यास जाणवत नाही. विंडोजबरोबर मिळणारी रॅमड्राइव्हही कालांतराने बंद झाली.

रॅम-डिस्क मात्र आता प्रणालीच्या पोटात शिरली आहे. लिनक्सचे यंत्र सुरू होताना प्रथम स्मृतीतच एक लहान फाइलव्यवस्था उभी राहते व खरी तबकडी ओळखण्यास लागणारे चालक तीमधून घेतले जातात. चालू प्रक्रियांची क्षणिक माहिती टीएमपीएफएसवर असते. वीज जाताच मजकूर पुसला जाण्याचा दोष येथे गुण ठरतो, कारण गुप्त किल्ल्या व तात्पुरत्या नोंदी मागे राहत नाहीत. तात्पुरत्या फाइलींचे सामाईक स्थान स्मृतीत असावे काय, याविषयी मात्र मतभेद आहेत : मोठ्या तात्पुरत्या फाइलींनी लहान यंत्रांची स्मृती भरून जाते, असा एका पक्षाचा आक्षेप आहे. फेडोरा या लिनक्स वितरणाने २०१३ मध्ये १८ व्या आवृत्तीत, तर डेबियनने २०२५ मध्ये १३ व्या आवृत्तीत ते स्मृतीत हलविले. ज्यांना ते नको असेल त्यांना ही व्यवस्था बदलून ते पुन्हा तबकडीवर नेता येते.